पीथ्रीएचटीच्या पातळ फिल्ममध्ये २३.४ अंशांचं पीक कुठे गेलं?

निळीशाई (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. पॉलिमर फिल्मवर पीएचडी करतेय, दुसरं वर्ष चालू आहे. चार दिवस एकाच आलेखाकडे बघत बसलेय, म्हणून इथे विचारते. कुणी एक्सआरडीवर (एक्स-किरण विवर्तनावर) काम करणारं असेल तर कृपया वेळ काढा.

पीथ्रीएचटी, म्हणजे पॉली-३-हेक्झिलथायोफीन, क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवून स्पिन कोटिंग करते, म्हणजे थेंब टाकून गरगर फिरवते. खाली सिलिकॉन वेफर (चकती) आणि त्यावर एचएमडीएस, म्हणजे पृष्ठभाग तेलकट करणारा लेप. फिल्म साधारण ५० नॅनोमीटर जाडीची होते. (काचेच्या स्लाइडवर केलं तर द्रावणाचा केशरी रंग दोन-तीन सेकंदांत उतरतो आणि वांगी रंग चढतो. साखळ्या सरळ होऊन एकमेकींना बिलगतात तो क्षण डोळ्यांनी दिसतो, मी अजूनही दर वेळी वाकून बघते.) नंतर नायट्रोजनमध्ये १५० अंशांवर ॲनीलिंग, म्हणजे तापवून ठेवणं.

एक्सआरडी नेहमीचाच, तांब्याची नळी, थीटा-टू थीटा. ५.४ अंशांवर जोरदार पीक (आलेखातलं टोक), मग १०.८ आणि १६.२ वर लहान होत गेलेली दोन. त्याच बाटलीतल्या पावडरीत मात्र २३.४ अंशांवरही एक पीक आहे. ते ३.८ अँगस्ट्रॉमचं (अँगस्ट्रॉम म्हणजे नॅनोमीटरचा दहावा भाग), म्हणजे थायोफीनच्या रिंगा एकीवर एक रचल्या जातात ते अंतर. फिल्ममध्ये ते अजिबात नाही. शिवाय ३३ अंशांवर सुईसारखं बारीक पीक आलंय, ते पावडरीत नाही.

ग्रुप मीटिंगमध्ये ठरलं की 'फिल्ममध्ये रिंगांची रचना होत नाही, स्फटिकता कमी' असं लिहायचं. मला ते पटत नाहीये. रचनाच होत नसेल तर रंग का बदलतो? पण माझ्याकडे उत्तरही नाही.

कोनमापक

पटत नाहीये ते बरोबरच आहे. तसं लिहू नका.

मी चौदा वर्षं एक्स-रे मशिनवर आहे आणि हा प्रश्न दर सहा महिन्यांनी कुणीतरी घेऊन येतं. तेव्हा सविस्तर लिहितो.

थीटा-टू थीटा स्कॅनमध्ये नळी आणि डिटेक्टर नमुन्याच्या दोन बाजूंना सारख्याच कोनात वर चढतात. स्फटिकातली प्रतलं आरशासारखी धरा. आरसा नमुन्याच्या पृष्ठभागाला समांतर असेल तरच त्याचा किरण डिटेक्टरमध्ये येतो. तिरका किंवा उभा असेल तर किरण भलतीकडे जातो आणि तुमच्या आलेखात काहीच उमटत नाही. पावडरीत लाखो कण वाट्टेल तसे पडलेले असतात, त्यामुळे प्रत्येक प्रकारच्या प्रतलाचे थोडे तरी कण सपाट सापडतात आणि सगळी पीकं दिसतात. फिल्ममध्ये सगळे कण एकाच शिस्तीत बसले तर फक्त एकाच कुळाची पीकं दिसणार.

तुम्हाला दिसतंय ते नेमकं तेच. ५.४, १०.८, १६.२ ही एकाच कुळाची, (१००), (२००), (३००). अंतर सुमारे १६.४ अँगस्ट्रॉम. मधे हेक्झिल बाजूसाखळ्या आणि दोन्हीकडे साखळीचा कणा, अशा थरांचं ते अंतर. हे थर वेफरला समांतर रचलेत. म्हणजे रिंगा वेफरवर कडेवर उभ्या आहेत, कपाटात पुस्तकं उभी लावतो तशा. पुस्तकाची जाडी आडव्या दिशेने मोजायची असते, आणि तुमचं यंत्र फक्त उभी दिशा मोजतंय. ३.८ अँगस्ट्रॉमची रचना फिल्ममध्ये आहे, पण फिल्मच्या प्रतलात आडवी.

उलट रिंगा पोळ्यांच्या चवडीसारख्या सपाट पडल्या असत्या तर याच स्कॅनमध्ये २३.४ चं पीक दिसलं असतं आणि ५.४ चं गायब झालं असतं. पहिल्या रचनेला एज-ऑन म्हणतात, दुसरीला फेस-ऑन.

एज-ऑन का झालं तेही तुमच्या पोस्टमध्येच आहे. हेक्झिलच्या शेपट्या तेलकट, त्यांना हवेकडे आणि एचएमडीएस लावलेल्या पृष्ठभागाकडे तोंड करायला आवडतं. ॲनीलिंगने ती बैठक आणखी पक्की होते.

३३ अंशांचं सुईसारखं पीक तुमच्या पॉलिमरचं नाहीच, ते वेफरचं. सिलिकॉनचं (२००) परावर्तन नियमाने निषिद्ध आहे, पण स्फटिकाच्या आत किरण दोनदा वळून त्याच जागी पोचतो आणि पीक उमटतं. खात्री करायची तर वेफर आपल्याच प्रतलात दहा-पंधरा अंश फिरवून ठेवा आणि पुन्हा स्कॅन घ्या. नाहीसं होईल किंवा अगदी बारीक होईल. पॉलिमरचं पीक असं वागत नाही.

आंबेहळद

मी या विषयातली नाही, पण पोळ्यांच्या चवडीमुळे पहिल्यांदा काहीतरी कळलं. एक प्रश्न विचारू का? मिठाचा स्फटिक कळतो, कण कणाला चिकटतो. पण पॉलिमरची साखळी हजारो अणूंची लांबलचक. एवढ्या दोऱ्याचा गुंता न होता स्फटिक होतोच कसा?

खडूफळा

आंबेहळद, प्रश्न अगदी मुळाशी गेला. हा प्रश्न १९५७ पर्यंत मोठमोठ्यांनाही पडला होता.

त्या वर्षी ब्रिस्टलमध्ये अँड्र्यू केलर यांनी पॉलिइथिलिन गरम झायलीनमध्ये विरघळवून हळूहळू थंड केलं. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली शंकरपाळ्याच्या आकाराच्या चपट्या पापुद्र्या दिसल्या, जेमतेम १० नॅनोमीटर जाडीच्या. इलेक्ट्रॉन विवर्तनावरून कळलं की साखळ्या पापुद्र्यात आडव्या पडलेल्या नाहीत, जाडीच्या दिशेने उभ्या आहेत. आता कोडं असं, की साखळी पापुद्र्याच्या जाडीच्या कितीतरी पट लांब. मग ती उभी मावते कशी? एकच मार्ग उरतो. वर गेली, वळली, खाली आली, पुन्हा वळली. साडीच्या निऱ्या घालतात तशी. त्याच वर्षी फिशर आणि टिल यांनीही आपापल्या ठिकाणी असेच स्फटिक दाखवले.

निऱ्यांचं हे चित्र मी वर्गात रुमालाने करून दाखवायचो. निरीची उंची म्हणजे पापुद्र्याची जाडी. साडी कितीही लांब असो, निरीची उंची तेवढीच राहते. आणि सगळी साडी काही निऱ्यांत जात नाही, पदर बाहेर राहतो, कमरेचा वेढा बाहेर राहतो. पॉलिमरमध्येही साखळीचा काही भाग स्फटिकात आणि काही भाग बाहेर, विस्कळीत. म्हणून पॉलिमर कधी शंभर टक्के स्फटिक होत नाही म्हटलं तरी चालेल.

चिलरोल

वाचून राहवलं नाही म्हणून लिहितो. मी शिकलेलो डिप्लोमापर्यंत, पण बावीस वर्षं बीओपीपी लाइनवर काढली, म्हणजे वेफर्स-बिस्किटांच्या पाकिटांची फिल्म. तुमचं ओरिएंटेशन (साखळ्यांची दिशा) म्हणजे आमची रोजची भाकरी.

वितळलेलं पॉलिप्रोपिलीन डायमधून पडदा होऊन चिल रोलवर येतं आणि एकदम गार होतं. मग ते पुन्हा तापवून रोलरांच्या वेगातल्या फरकाने लांबीत पाचेक पट ओढायचं. पुढे टेंटरमध्ये दोन्ही कडा क्लिपांनी धरून, ओव्हनमधून नेत, रुंदीत आठ-नऊ पट ताणायचं. मिलिमीटरच्या आसपासची शीट आत जाते आणि १५-२० मायक्रॉनची फिल्म बाहेर येते. ताणताना पहिले स्फटिक मोडतात आणि ताणाच्या दिशेने नवे बसतात. ओव्हनचं तापमान चार-पाच अंशांनी चुकलं की एक तर फिल्म ढगाळ होते, नाही तर फाटते. कुठल्या झोनमध्ये काय बिनसलं ते ऑपरेटरला फाटण्याच्या आवाजावरून कळतं.

आंबेहळद ताई, घरच्या घरी बघायचं असेल तर प्लास्टिकची सुतळी घ्या. उभी सोलली तर केसासारख्या दशा निघतात, आडवी तोडायला गेलात तर बोट कापेल पण सुतळी तुटणार नाही. एकाच दिशेला ताणलेली असते, साखळ्या सगळ्या लांबीत. पाकिटाची फिल्म दोन्हीकडे ताणलेली, म्हणून नुसती ओढून फाटत नाही, आणि कडेला बारीकशी चीर पडली की सरळ फाटत जाते.

दुसरं, लॅपटॉपवर कोरं पांढरं पान उघडा. काचेच्या तुकड्यावर सेलोटेपचे पाच-सहा थर वेगवेगळ्या कोनांत चिकटवून स्क्रीनसमोर धरा आणि पोलरॉइड गॉगलमधून बघा. गॉगल फिरवला की निळे, पिवळे, गुलाबी तुकडे दिसतील. साखळ्या एका दिशेला झुकलेल्या असल्याशिवाय ते रंग येत नाहीत.

आंबेहळद

केलं! मुलगा शाळेतून आला आणि दोघं तासभर तेच करत बसलो. जांभळ्या चौकोनाच्या कडेला एक हिरवी पट्टी आली, दोन थर जिथे एकमेकांवर चढले होते तिथे. चिलरोल काका, मनापासून आभार.

निळीशाई

सगळ्यांचे खूप आभार. कोनमापक सर, दोनदा वाचलं. आता पुढचा प्रश्न. माझं पीक परीक्षकासमोर टिकेल, पण एज-ऑन की फेस-ऑन याने प्रत्यक्ष काय बिघडतं किंवा सुधारतं?

सौरकण

तू त्या फिल्मचं काय करणार त्यावर आहे.

साखळीच्या लांबीत वीज सर्वांत चांगली वाहते, त्याखालोखाल रिंगांच्या चवडीतून एका रिंगेवरून दुसरीवर. तेलकट बाजूसाखळ्यांमधून जवळजवळ नाहीच. ट्रान्झिस्टरमध्ये प्रवाह वेफरला समांतर पळतो, म्हणून एज-ऑन फायद्याचं. सोलर सेलमध्ये प्रवाह फिल्मच्या जाडीतून वर-खाली जायचा असतो, तिथे एज-ऑन म्हणजे वाटेत तेलाच्या भिंती. तिथे फेस-ऑन हवं.

केंब्रिजच्या सिरिंगहाउस आणि सहकाऱ्यांचा १९९९ चा नेचरमधला निबंध याच पॉलिमरवर आहे. त्यांच्या एज-ऑन फिल्ममध्ये मोबिलिटी (वीजभार किती सहज सरकतो त्याचं माप) ०.१ चौरस सेंटीमीटर प्रति व्होल्ट-सेकंदापर्यंत गेली, आणि फेस-ऑन फिल्मच्या तुलनेत शंभरपटीहून जास्त फरक आला. हा आकडा सगळे उद्धृत करतात, पण थोडं जपून. त्यांचे दोन नमुने फक्त दिशेत वेगळे नव्हते, एकात साखळीवर बाजूसाखळ्या लावण्याची नियमितता कमी होती. त्यामुळे शंभरपट फरक सगळाच्या सगळा दिशेच्या खात्यावर टाकता येत नाही. प्रबंधात हे एक वाक्य घाल, परीक्षक खूश होईल.

आणखी एक. तुझ्या फिल्ममध्ये वर-खाली शिस्त आहे, पण फिल्मच्या प्रतलात साखळ्या सगळीकडे तोंड करून आहेत. स्पिन कोटिंगमध्ये हे असंच होतं. प्रतलातही एक दिशा हवी तर घासून, ओढून किंवा दिशा देऊन कोटिंग करावं लागतं.

बीटाफेज

थोडं विषयांतर, पण मुद्दा हाच. मी पीव्हीडीएफ कुळावर काम करतो, दाब दिला की वीज देणारा पॉलिमर. १९६९ मध्ये जपानमध्ये कावाई यांनी ताणलेल्या पीव्हीडीएफमध्ये हा गुण दाखवला. त्याचा अल्फा स्फटिक निरुपयोगी, कारण त्यात शेजारच्या साखळ्यांचे द्विध्रुव एकमेकांना मारतात. बीटामध्ये फ्लोरीन सगळे एका अंगाला, हायड्रोजन दुसऱ्या अंगाला.

आमच्याकडे येणारे निम्मे प्रकल्प एफटीआयआरमध्ये (अवरक्त किरणांच्या चाचणीत) ८४० चा पट्टा दाखवून 'बीटा मिळाला' म्हणतात आणि थांबतात. एक तर ८४० गॅमा या तिसऱ्या स्फटिकरूपालाही असतो, १२७५ च्या आसपासचा पट्टा बघितल्याशिवाय बीटा म्हणू नये. दुसरं म्हणजे बीटा मिळाला तरी काम अर्धंच झालं. स्फटिक बीटाचे पण तोंडं दहा दिशांना, तर एकूण बेरीज शून्य. विद्युत क्षेत्र लावून द्विध्रुव एका दिशेला वळवावे लागतात. आणि ते वळणार कसे, तर साखळीच्या अक्षाभोवती. म्हणजे साखळी फिल्ममध्ये आडवी असेल (आमच्याकडे याला एज-ऑन म्हणतात) तरच द्विध्रुव वर-खाली उभा करता येतो. साखळीच वेफरवर काटकोनात उभी राहिली तर द्विध्रुव कितीही फिरवा, तो फिल्मच्या प्रतलातच राहणार. वरून कितीही व्होल्ट लावा.

हे मी पुस्तकात वाचलं होतं, पण शिकलो स्वतःच्या चुकीतून. पीव्हीडीएफ-टीआरएफई, म्हणजे त्याच कुळातला सहपॉलिमर, ७०:३० चा. ३०० नॅनोमीटरच्या फिल्म, हॉट प्लेट १४० वर. पहिल्या तुकडीत लूप (विद्युत क्षेत्र आणि ध्रुवीकरणाचा आलेख) सुरेख, दुसऱ्या तुकडीत लूप चपटा, जवळजवळ रेघ. एक्सआरडीत स्फटिक ठणठणीत, उलट पीक जास्त टोकदार. दोन आठवडे इलेक्ट्रोडला दोष दिला. शेवटी प्लेटवर फिल्मच्याच जागी थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) चिकटवलं, तर पडद्यावर १४० आणि जागेवर १५४. फिल्म वितळून पुन्हा गोठत होती, आणि वितळून गोठली की निऱ्यांच्या पापुद्र्या सपाट झोपतात, साखळ्या उभ्या राहतात. स्फटिकता वाढली आणि काम गेलं. परावर्तन एफटीआयआरमध्ये १४०० जवळचा पट्टा फुगलेला दिसला तेव्हा खात्री पटली, कारण तो साखळीच्या लांबीतल्या कंपनाचा असतो.

तेव्हापासून हॉट प्लेटच्या आकड्यावर विश्वास ठेवत नाही. नमुन्याच्या जागेवर मोजतो.

निळीशाई

बीटाफेज, एक गोंधळ झाला. तुमच्याकडे एज-ऑन चांगलं, आमच्याकडेही ट्रान्झिस्टरला एज-ऑन चांगलं. पण दोन्ही एज-ऑन एकच का?

कोनमापक

नाही, आणि इथे भलेभले घसरतात.

बीटाफेज यांचं एज-ऑन पापुद्र्याबद्दल आहे. पापुद्रा कडेवर उभा म्हणजे साखळ्या वेफरला समांतर. पापुद्रा सपाट झोपला की त्याला फ्लॅट-ऑन म्हणतात, तेव्हा साखळ्या वेफरवर काटकोनात. तुमचं एज-ऑन रिंगेच्या पाट्याबद्दल आहे. तिथे एज-ऑन असो वा फेस-ऑन, साखळी दोन्ही वेळा वेफरला समांतरच पडलेली असते, फक्त स्वतःभोवती नव्वद अंशांनी वळलेली. प्रबंधात पहिल्यांदा शब्द वापराल तिथे 'साखळी कुठे, रिंग कुठे, बाजूसाखळी कुठे' हे एका चित्रात दाखवा.

खडूफळा

हे चित्र इथेही टाका कुणीतरी. वाचनखूण साठवली आहे.

निळीशाई

आज लॅबमध्ये दोन गोष्टी केल्या.

वेफर अंदाजे पंधरा अंश फिरवून तोच स्कॅन घेतला. ३३ ची सुई गेली. बाकी तिन्ही पीकं जागच्या जागी, उंचीही तीच.

मग काचेवरच्या फिल्म केल्या, एकूण बावीस स्लाइड. त्याच द्रावणाच्या, तेच ॲनीलिंग. ब्लेडने खरवडून सगळा वांगी भुगा गोळा केला. पोस्टाच्या तिकिटावर मावेल एवढासाच निघाला. शून्य-पार्श्वभूमीच्या (स्वतःचं पीक न देणाऱ्या) प्लेटवर पसरून रात्रभर हळू स्कॅन लावला. सकाळी २३.४ वर रुंद, पण नक्की पीक होतं! तेच पॉलिमर, तीच रचना, फक्त शिस्त मोडली.

कोनमापक

वा. हा प्रयोग प्रबंधात जसाच्या तसा घाला. दोन आलेख एकाखाली एक, अख्खी फिल्म आणि खरवडलेली फिल्म. मात्र यावरून स्फटिकतेची टक्केवारी काढू नका. अख्ख्या फिल्मच्या थीटा-टू थीटावरून तर कधीच नको, निम्मे स्फटिक यंत्राला दिसतच नाहीत, टक्केवारी कशाची काढणार.

आता खऱ्या मोजणीकडे. तुम्हाला जीवॅक्स हवं, म्हणजे तिरकस घासून जाणाऱ्या एक्स-किरणांचं विवर्तन. किरण ०.१ ते ०.२ अंशांनी वेफरला जवळजवळ समांतर सोडतात. कोन असा निवडतात की किरण फिल्ममध्ये शिरतो पण सिलिकॉनवरून पुरता परत फिरतो, त्यामुळे ५० नॅनोमीटरच्या फिल्मचाही संकेत सिलिकॉनच्या गर्दीत हरवत नाही. समोर सपाट डिटेक्टर. वर-खालची शिस्त उभ्या दिशेला दिसते, प्रतलातली आडव्या दिशेला, दोन्ही एका चित्रात. एज-ऑनमध्ये १६.४ अँगस्ट्रॉमचे ठिपके वर एका ओळीत आणि ३.८ चा ठिपका बाजूला. शिस्त ढिली असेल तर ठिपक्याचा कंस होतो, अजिबात नसेल तर पूर्ण कडं. त्या कंसाच्या लांबीवरून शिस्त किती ते आकड्यात काढता येतं.

तयारीला एक हिशोब. ०.१ मिलिमीटर जाडीचा किरण ०.१५ अंशांनी टेकला की नमुन्यावर ३८ मिलिमीटर लांब पसरतो. एक इंचाचा तुकडा नेलात तर किरण दोन्हीकडून सांडेल. फिल्म सलग आणि वेफर सपाट हवा, कडेला स्पिन कोटिंगची जाड किनार राहिली असेल तर ती पुसून न्या.

इंदूरला इंडस-२ सिंक्रोट्रॉनवर (अतिप्रखर एक्स-किरण देणाऱ्या मोठ्या यंत्रावर) घासत्या कोनाच्या एक्स-किरणांची बीमलाइन आहे, प्रस्ताव पाठवून वेळ मागता येतो. काही संस्थांत प्रयोगशाळेतल्या नळीवर चालणारी यंत्रंही आहेत. तिथे एका चित्राला तास लागतात, सिंक्रोट्रॉनवर सेकंद. पण एज-ऑन की फेस-ऑन एवढ्यासाठी तासवालं पुरतं.

सौरकण

किरणाने फिल्म जळते, हेही लक्षात ठेव. सिंक्रोट्रॉनवर एकाच जागी दोन-तीन वेळा चित्र घे आणि पीक खाली येतंय का बघ. येत असेल तर जागा बदलत राहा.

बीटाफेज

आणि ॲनीलिंगच्या आधी थर्मोकपल चिकटव.

निळीशाई

चिकटवलं. प्लेटवर १५० असताना वेफरच्या मध्यावर १४३ आहे, कडेला १३९. आधीच्या सगळ्या फिल्म याच प्लेटवर केलेल्या, त्यामुळे आपसात तुलना चालेल, पण तक्त्यात १५० लिहिणार नाही. मध्याचा आणि कडेचा, दोन्ही आकडे देतेय. इंदूरचा प्रस्ताव लिहायला घेतला आहे, त्यात पहिल्या पानावर साखळी, रिंग आणि बाजूसाखळीचं चित्र आहे. हाताने काढलंय, उद्या इथेही टाकते.